कस

वडगावात, मागांच्या गल्लीत, रविवारी चारला
मल्लव्वा होसूर शाळेच्या पडवीत दोन बादल्या मांडते.
पगार नाही. चहासुद्धा घरचा, थर्मासातून.
आलेत अकराजण, त्यातले तिघे नुसते सावलीला.

बादल्यांवर अक्षर नाही.
कुठल्या भाषेत लिहायचं, यावर
मागची बैठक मोडली. तेव्हापासून नुसता रंग.

"हसी कसा," हिरवीवर हात. "ओण कसा," निळीवर.
"कसा म्हणजे कसा गे? नीट सांग की,"
मागून भरमा कणबरकर.
हशा ओसरेतो ती कप भरते.
"आमच्यात कस म्हणजे कचरा.
तुमच्यात काय ओ, भरमाण्णा?"
तो मान खाजवतो. "जमिनीचा असतो तो. जोर."
"मग तेच करूलालोय की."

पिशवी पालथी होते: केळीची साल, कुंद्याचा डबा,
गोळ्यांची रिकामी पाकिटं
आणि मागाखालचा धाग्यांचा बोळा.
हा कुठे?
तिच्या वहीत हे पान नाही.

भरमा उठतो. बोळ्यातून दोरा उपसतो, काडी ओढतो.
"जाळायचं नाही म्हणून आत्ताच सांगितलं ना मी!"
"एकच. गप बघ."
दोरा भुरभुरून राख होतो, कागदासारखा वास.
"हे सूत. मातीत जिरतंय."
दुसरा आक्रसून काळा मणी होतो.
"ह्याला माती खात नाही."

मल्लव्वा मणी तळहातावर घेते,
चटका बसतो, टाकत नाही.
"थांबा," म्हणते, "आणखी एकदा, हळू."
सावलीला आलेले तिघे
पुढे सरकतात.