अंबाडीचं बी

इरण्णा घाणेवाले पोतं सोडतात,
मूठभर बी तव्यावर टाकतात
आणि डोळे मिटतात.

"हे मंगळवेढ्याचं.
काळ्या रानातलं, जड, तेलकट.
वास उशिरा येतो,
आला की जात नाही."

दुसरी मूठ सांगोल्याची,
मुरमाड माळावर तहानेनं वाढलेली.
लगेच तडतडते,
कडवट धूर थेट टाळूला.
तेल मात्र कमी.

बियाणं एकच होतं,
टिळक चौकातल्या एकाच दुकानातून
एकाच दिवशी नेलेलं.

मी वहीत टक्के लिहिते.
रकाने संपतात, वासाला रकाना नाही.

"बाई, तुमचं गाव?"
सोलापूर, मी म्हणते.

"ते आत्ताचं झालं,"
म्हणत ते
तिसरी मूठ तव्यावर टाकतात
आणि माझ्याकडे न बघता
वाट बघतात.