टांगा

ग्वाल्हेर, कंपूतली पेन्शन कचेरी.
कारकून विचारतो, जखम कशाची?
मधमाश्यांची, सटवाजी सांगतो.
टाक थांबतो.
रकाने आहेत गोळीचे, संगिनीचे,
हगवणीचासुद्धा आहे एक.

लढाई कुठली?
टांग्याची.
मागच्या बाकावर कुणी फिस्सकन हसतं:
बाड्यावरच्या टांगेवाल्यांशी काय हो, हवालदार?

आफ्रिका, नारळीची झाडं,
तोफेनं मोहोळं उठली
आणि गोळीला न हललेली माणसं
समुद्राकडे पळत सुटली.
दौलत्या कळंबे पळाला नाही.
पडला होता, तोंड उघडं,
आत गुणगुण.

कारकून लिहितो: गोळी.
इथं अंगठा.

रात्री खोकला उठतो.
सून चाटण मधात कालवून आणते.
सटवाजी वाटी
आधी कानाशी नेतो.