आतून कडी

कळंबच्या स्टँडवर हिरकणी कक्षाला कुलूप होतं.
चावी कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला.
उघडलं तर आत तीन टायर, एक लंगडा स्टूल,
कुठल्याशा सभेचे बांबू
आणि भिंतीवर रंगवलेली, मांडीवर बाळ घेतलेली बाई.
तिचा चेहरा कुणीतरी खिळ्यानं खरवडलेला.

मी टेप काढली. दहा बाय आठ, वर पत्रा.
दुपारी दोनला पत्र्याखाली त्रेचाळीस.
हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, ठळक,
कारण संभाजीनगरच्या आमच्या स्टुडिओत एसी आहे
आणि तिथं तो विसरायला होतो.

मग सगळं भराभर सुचत गेलं.
पत्र्याखाली तुराट्यांचा थर,
चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या, वाळवी लागू नये म्हणून.
(तूर निघाली की बांधावर ढीग असतो,
चुलीला पुरून उरतो.)
भिंतींना पांढरी माती, माळवदावर घालतात तीच.
आगाराच्या भंगारातल्या सीटांचा बाक,
वर बचत गटाच्या बायांनी शिवलेल्या वाकळी.
वीस किलोमीटरच्या बाहेरचं काही नाही,
खिळे सोडून.

सरांनी शीटवर टिचकी मारली.
'टिकाऊ आहे. देखणं आहे.
माणूस कुठाय?'
मी पेन्सिलीनं एक बाई काढली, प्रमाणासाठी.
पाच फूट दोन इंच.
तिला चेहरा मीही दिला नाही.

छबूताई खरटमोल वाहक आहे, कळंब–लातूर गाडीवर.
तिचं लेकरू सात महिन्यांचं, घरी नणंदेजवळ.
दुसऱ्या फेरीला छाती दगडासारखी होते म्हणाली,
मग डेपोच्या मोरीत जाऊन पिळून टाकते.
नळ मोठा सोडते. आवाज नको म्हणून.
हे तिनं सुट्टे पैसे मोजता मोजता सांगितलं,
मी पुठ्ठ्याचं मॉडेल हातात धरून उभा.

'आण इकडं.'
एक डोळा मिटून ती छपरातून आत बघत राहिली.
'खिडकी लई खाली घेतलीस,
थुंकायला उभे ऱ्हातेत तिथं लोक.
बाक उंच झाला.
पाय टेकंना झाले तर मांडी व्हत नाही.'
आणि फलाटाच्या कठड्यावर बसून
तिकिटाचं मशीन तिनं कुशीत घेतलं,
'हे लेकरू समज.'
कोपर कुठं टेकतं ते दाखवलं.
मी मोजलं. पुस्तकातल्या मापाहून साडेतीन इंच खाली.

मग तिनं मॉडेल फिरवून दाराकडून बघितलं.
'आतून कडी कुठंय?'

बिजागऱ्या होत्या.
बाहेरून कोयंडा होता, कुलपासाठी.
तुराट्या किती वर्षं टिकतील याचा तक्ता होता,
वाऱ्याचे बाण होते निळ्या शाईत.
तिची लातूर गाडी लागली, ती गेली.
मी पुठ्ठ्याच्या दाराशी बराच वेळ बसून होतो.

कडी उस्मान सुतारानं केली,
भंगारातल्या एसटीच्या दाराची मूठ घासून.
खिडकी डोक्यावर गेली, तिथून उजेड तिरका उतरतो.
भिंतीवरच्या बाईला चेहरा द्यायचा राहिला;
गिलाव्याखाली गेली ती.
उद्घाटन झालं नाही, आगारप्रमुखांची बदली झाली.
एका सकाळी कुलूपच कुणीतरी काढून नेलं
आणि खोली सुरू झाली.

समोर रसवंतीवर मी अर्धा ग्लास घेऊन बसलेलो.
साडेअकराची लातूरहून आली.
छबूताई उतरली, इकडंतिकडं न बघता आत गेली.
घुंगरांच्या, हॉर्नच्या, परळीच्या पुकाऱ्याच्या मधून
ऐकू आलं मला:
टक्.

ज्युरीला मी फोटो दाखवले.
बंद दार, सकाळचं. बंद दार, दुपारचं.
दारापाशी चपला, एकदा दोन जोड, एकदा पाच.
'हे इंटिरिअरचं सबमिशन आहे,' बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले,
'आतला फोटो?'

आत कुणीतरी होतं, सर.