पहिलं पान

मालाडला, चौथ्या मजल्यावर, मी माणसं बनवतो.
मुलुंडचे निवृत्त ठोंबरे, दहिसरची एकटी शलाका,
एक दंतवैद्यही. सगळ्यांच्या घरी वाळवी,
सगळ्यांची लिंक कुर्ल्याच्या एकाच फवारणीवाल्याकडे.
त्याला मी पाहिलेलं नाही.
जितकी बोटं, तितका तो वर.
अकराव्या पानावरून पहिल्यावर यायला
आठ महिने लागले. साहेबांनी समोसे मागवले.

काल घरी चौकटीवर मातीची रेघ दिसली,
बारीक, वर चढलेली.
नखाने खरवडली. आत पोकळ.
आई म्हणाली, शोध की कुणीतरी, तुझं कामच ना ते.

शोधलं.
सगळ्यात वर शलाका:
"दोन वर्षं झाली, परत आली नाही."
वाक्य माझंच. तरी वाटलं,
ही कशाला खोटं बोलेल.