मुद्दल हलवायचं नाही

बँकेतल्या अत्तारसाहेबांनी फॉर्म पुढं सरकवला.
निधीचं नाव : विद्युल्लता बाजीराव मेस्त्री स्मृती निधी.
रक्कम : विम्याचे आले तेवढे, वरती माझी भिशी.
उद्देश :
पेन तिथंच अडलं.

मी मोटारी भरणारा माणूस.
उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं जळक्या मोटारी उघडतोय,
तांब्याची तार मोजून गुंडाळतोय,
बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट.
एक फेरा चुकला तर मोटार कण्हते, एवढं कळतं.
संगणकाचं मला काय कळतंय?
अत्तारसाहेबच म्हणाले, लिहा,
संगणकशास्त्राचं शिक्षण आणि संशोधन.
लिहिलं. संशोधनातला 'शो' दोनदा गिरवला.

पाहुणे म्हणत होते, रंकाळ्यावर तिच्या नावाचा बाक टाक,
चार माणसं टेकतील, नाव वाचतील.
मेव्हणा म्हणाला, फुलेवाडीला गुंठा घे.
विदू असती तर म्हणाली असती,
आप्पा, बाकावर बसून कोण शिकलंय?
खरं तर असलं काही म्हणाली नसती ती.
नुसती हसली असती,
पेनाचं टोपण दातात धरून.

ती यंत्राला मोडी शिकवायची.
मी विचारलं, मोडी म्हणजे काय गं,
आम्ही मोटार मोडीत काढतो तसलं काही?
म्हणाली, तसलंच, फक्त उलटं.
मोडीत निघालेली पानं परत चालू करायची.
जुन्या दप्तरातली, कसरीनं चाळण केलेली,
कुणाची पाटाच्या पाण्याची तक्रार,
कुणाच्या बैलाची पावती.
एक अक्षर दहा हजार वेळा दाखवायचं.
चुकलं की परत.
चुकलं की परत.
मी म्हटलं, हे तर वाइंडिंग झालं की.
म्हणाली, आप्पा, तुम्हाला लूप कळला.

मग एका रविवारी दोघं मोजायला बसलो,
मी एकपासून, ती शून्यापासून.
तार संपली तेव्हा तिचा आकडा माझ्यापेक्षा एकानं कमी,
फेरे तेवढेच.

मुद्दल हलवायचं नाही, असं ठरावात आहे.
व्याजावर दरसाल एक पोर शिकवायचं.
व्याजाचा दर पडला की फी निघते, मेस राहते.
मग मी रात्रीची एखादी पंधरा हॉर्सपॉवरची जास्त घेतो,
वार्निशच्या वासात बसून भरतो.
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

पहिल्या वर्षी गडहिंग्लजची अवंतिका हेब्बाळे आली.
उत्पन्नाचा दाखला मिळेना म्हणून
आईच्या शिलाई मशीनच्या हप्त्यांची झेरॉक्स घेऊन.
चहा होईस्तोवर कपाटातला लॅपटॉप तिला दिसला.
विदूचा. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही.
म्हणाली, 'काका, उघडून देतो की.'

देतो.
ह्या गावाकडच्या पोरी अशाच बोलतात.
पुण्याला गेल्यावर विदूला हसून हसून तिथल्या पोरींनी
'जातो'चं 'जाते' करायला लावलं,
पण पंचगंगेचा पूल ओलांडला की फोन यायचा,
'आप्पा, आलो.'

मी म्हटलं, आत्ता नको. शिकून ये, मग बघू.
आत काय आहे ते मला बघायचं नाही, असं नाही.
तिची पानं असतील, अर्धी वाचलेली.
माझा एखादा फोटो असेल, काजळी लागलेल्या तोंडाचा.
पण सांगितलं ना,
मुद्दल हलवायचं नाही.

तिनं फाईल पोटाशी धरली,
अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली,
बाहेरूनच म्हणाली, 'येतो काका.'

त्या दिवशी कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार भरत होतो.
मध्येच कुठंतरी फेरा चुकला.
सगळी तार उकलली
आणि परत धरली,
शून्यापासून.