हात सुटल्यावर

तालमीत खाली लाल माती, वर आमचा कॅरम.
लाकडी जिना, सोळा पायऱ्या, नववी बोलते.
दुपारी पैलवान आडवे झालेले असायचे
आणि फळ्यांच्या फटींतून आमची बोरिक पावडर
त्यांच्या हौद्यात झिरपायची,
ताक, तेल, हळद मुरलेल्या मातीत.
वस्ताद खालनं ओरडायचे,
"मैमुना, माती अळणी करशील!"

मैमुना शिकलगार.
बाप गंगावेशीत कात्र्यांना धार लावायचा,
हिनं नखाला लावली.
राज्याचं अजिंक्यपद चार वेळा.
"पाचव्यांदा राणी घेतलो आणि कव्हर चुकलो."
एवढंच सांगते. पुढचं विचारलं
तर म्हणते, चहा सांग.

खेळाडू म्हणून वीज मंडळात लागली.
बिलाच्या खिडकीत तीस वर्षं
सुट्टे पैसे टिचकीनं द्यायची:
आठ आण्याचं नाणं काचेखालनं निघून
नेमकं तुमच्या करंगळीपाशी थांबायचं.
शेजारची खिडकी रिकामी असली तरी
लोक हिच्याच रांगेत.

मग बोट.
कुणी म्हणालं संधिवात, कुणी म्हणालं नजर लागली.
आपा म्हणते,
"आपण काय करालोय ते बोटाला कळाय लागलं.
मग संपलंच की."
कपांपैकी एकात आता पावडर असते,
एकात शिलाईच्या दोऱ्याची रिळं,
दोन कुठं गेले कुणाला ठाऊक.

माझ्या हातात तिनं महिनाभर स्ट्रायकर दिला नाही.
बोर्ड पुसायचा. पावडर टाकायची, परत पुसायचा,
डोळे मिटून तळहात फिरवायचा.
"लाकूड कुठं पाणी पिलंय, सांग."
मला काही कळायचं नाही. रडूही यायचं,
तेव्हा ती खिडकीतनं रस्त्यावरच्या म्हशी मोजायची,
रंकाळ्याकडनं परतणाऱ्या.
एका संध्याकाळी उजव्या कोपऱ्याकडं,
राणीच्या घरापासून चार बोटांवर
एक खळगा लागला,
डोळ्याला न दिसणारा, बाळाच्या टाळूसारखा.
काही बोलली नाही.
जुन्या दातासारखा पिवळा पडलेला
स्वतःचा स्ट्रायकर माझ्यापुढं सरकवला.

वस्तादांच्या नातवानं एकदा मोबाईलवर दाखवलं:
बर्फाची लांब पट्टी, दांडा असलेला दगड,
एक बाई गुडघ्यावर घसरत जाते, दगड सोडते,
आणि दोघीजणी त्याच्या पुढं पुढं
झाडू मारत पळतात, केवढ्यानं ओरडत.
आपानं तीनदा बघितलं.
"हात सुटल्यावर पण वाट झाडू देत्यात व्हय ह्यांना?"
मोबाईल पालथा ठेवला.
"लाड आहेत मग."

आम्हाला असलं काही नसतं.
बोटातनं सुटला की तो लाकडाचा झाला,
आणि खुर्चीतनं उठला नाही तो मास्तर.

साताऱ्याला अंतिम सामना. तिसरा गेम.
राणी माझ्याकडं, कव्हर बाकी.
पांढरी सोंगटी अशी कडेला चिकटलेली
की सरळ मारली तर फाऊल आणि हळू मारली तर पोचणार नाही.
बल्बची धग कपाळावर.
दोरीपलीकडं पहिल्या रांगेत आपा,
नियमाप्रमाणं गप्प.

मारलं.
का कुणास ठाऊक, सोंगटीकडं बघवलं नाही मला,
समोर बघितलं.
ओढणीचं टोक मुठीत धरून
आपाचे दोन्ही हात तिच्याच मांडीवर
झाडत होते,
भराभर, खालवर, ओठ आत घेऊन,
ते वाकडं झालेलं बोटसुद्धा.

सोंगटी खिशाच्या ओठावर थांबली.
मग पडली.

परतताना एस.टी.त, कराड सोडल्यावर,
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"तू काय बघितलं न्हाईस."
"नाही, आपा."
मांडीवर ओढणी चुरगळलेली होती.
कागलच्या एका बाईनं जागा मागितली,
तशी सरकून बसली.