ऊन, बासष्ट सेंटिमीटरवर

तळाशीलला एका अंगाला गड नदी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मध्ये रुमालाच्या काठाएवढी जमीन.
तिथे ओहोटीला, कांदळाच्या मुळांत मांडीपर्यंत रुतून
आम्ही नळी ठोकली.
जनू कुबल होडी धरून उभा, तोंडात न पेटवलेली विडी.
"गो बाय, चिखोल न्हेऊक पुण्यासून इलंस?
हय फुकट मेळता."

नळी वर आली ती पचकन,
कुजक्या अंड्याचा वास घेऊन.
दीड मीटर गाळ: काळा, मग राखाडी,
मग शिंपल्यांची एक बारीक रेघ, पुन्हा काळा.

प्रयोगशाळेत आम्ही एकेक गोष्ट काढून टाकतो.
शिंपला आम्लात फसफसून जातो,
वाळू जड द्रवात तळाला बसते,
मुळं, काड्या, कोळंबीची कात चाळणीवर अडकते.
जिथे हाडंही विरतात
तिथे फुलाची धूळ उरते.
(उकळत्या आम्लाची पायरी मी गाळते.
तिनं कण लखलखीत दिसतो, पण साक्ष फिरवतो.)

साक्ष अशी, की फूल उमलण्याआधीच
परागाभोवती भिंत बांधलेली असते
आणि त्या भिंतीत ऊन अडवणारं एक आम्ल कालवलेलं.
ऊन कडक त्या साली जास्त, ढगाळ साली कमी.
लोणच्यात मीठ पडावं तसं, अंदाजानं,
तरी चुकत नाही.
कणातून अवरक्त किरण सोडले
की पडद्यावर डोंगरांची ओळ उमटते.
त्यातला एक सुळका म्हणजे ऊन.
मी सुळके मोजते. पगार त्याचाच.

वरच्या थरांत कांदळ, तिवर, चिप्पी,
नेच्याचे तिकोनी बीजाणू.
चाळीसच्या खाली कांदळ विरळ होतो.
बासष्टवर जवळजवळ नाहीच,
तिथे गवत आहे. मोठ्या, गोल, एका भोकाच्या कणांचं.
आणि सुळका इतका उंच
की मी यंत्र दोनदा तपासलं.

मेमध्ये जनू पुण्याला आला, पुतण्याकडे.
खांद्यावर टॉवेल, पिशवीत फणसाचे गरे,
आणि विचारायचं एकच.
घरात सांगत आले होते
की त्या कांदळात एकेकाळी कुबलांचं खाजण होतं, भाताचं,
बांध फुटला नि खारं पाणी शिरलं.
भावकी म्हणते थाप. तलाठी म्हणतो कागद दाखव.
"भात होता काय नाय, तेवढा सांग."

मी म्हटलं, गवत होतं. दाणा मोठा आहे,
भात असू शकेल. छातीठोक नाही सांगता येत.
ऊन मात्र फार होतं, ढग रुसलेली वर्षं असावीत.
अडीचशे वर्षांपूर्वी,
साठ वर्षं इकडे किंवा तिकडे.

तो बराच वेळ हसला.
"साठ वर्सा! म्हणजे पणजो काय खापरपणजो,
ताच तुका म्हायत नाय!"
मग सूक्ष्मदर्शकावर वाकला,
एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखा.
उठला. पुन्हा वाकला.
"हेका वत लागलेला," एवढंच म्हणाला.
मला तो शब्द नवा होता. वत म्हणजे ऊन.

तलाठ्याला लिहून दे, असं तो म्हणाला नाही.
मीही विषय काढला नाही.
गरे आम्ही जिन्यात बसून खाल्ले,
आत खायला बंदी आहे.

संध्याकाळी कोरी काच तपासली,
जिच्यावर काहीच नसायला हवं.
माडाचा एक कण होता.
टॉवेलवरून आला असणार.
वहीत नियमाप्रमाणे लिहिलं: दूषित.
आणि खाली, सरांना चष्म्यानंही लागणार नाही
अशा अक्षरात,
तळाशील, यंदाचं वत.